घरी साडेपाचशे, हॉलमध्ये चारशे : नीटच्या भीतीबद्दल एका आईला उत्तर

जुळे सोलापुरातल्या एका आईने विचारलंय, ते थोडक्यात असं. मुलगी वैद्यकीय प्रवेशाची ७२० मार्कांची नीट परीक्षा दुसऱ्यांदा देणार आहे. घरी जुने पेपर सोडवते तेव्हा ५६०-५७० पडतात, क्लासच्या टेस्टला ४५०च्या पुढे गाडी सरकत नाही. २०२५च्या परीक्षेत फिजिक्सचा पहिलाच प्रश्न सुटेना, हात गार पडले, अर्धा तास काही सुचलंच नाही. ३९१ पडले. आता दर रविवारी टेस्टच्या सकाळी जुलाब, आणि एरवीही पहाटे चारला जाग. वडील म्हणतात, "एवढ्याशा पेपरला घाबरते, उद्या ऑपरेशन काय करणार?" नणंदेने कुठलीशी गोळी सुचवली आहे. गोळी द्यावी का, लातूरच्या क्लासला ठेवावं का, की हे सगळं सोडून बीएस्सीला घालावं? परीक्षेला अजून तीनेक महिने आहेत.

ताई, आधी तुमच्या मिस्टरांच्या बोलण्याचं बघू, कारण बाकी सगळ्या उपायांवर ते एकटं पाणी ओततं. घाबरणारं पोर डॉक्टर होत नाही, हे खरं नाही. ज्यांच्या हाताला गुण आहे म्हणून लोक बार्शी-अक्कलकोटहून सोलापूरला येतात, त्यातले कितीतरी सर्जन व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, सकाळी संडासाच्या फेऱ्या मारत होते. डॉक्टर होण्याआधी मीही त्याच रांगेत होतो. सर्जनचा हात स्थिर दिसतो, तो भीती नसते म्हणून नव्हे. एमबीबीएसची इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, पुढे तीन वर्षं रेसिडेन्सी. त्यात आधी नुसतं रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेची कड बाजूला ओढून धरायचं हत्यार, धरून उभं राहायचं, मग टाके घालायचे, मग सीनियर शेजारी असताना अपेंडिक्स. खऱ्या टेबलाशी, चुकलं तर बोलणी खात, त्याची तालीम झालेली असते. तुमच्या मुलीने अभ्यास भरपूर केलाय, पण त्या तीन तासांची तालीम जवळजवळ केलेलीच नाही. भीती गेली की पेपर चांगला जाईल, असं धरून बसू नका. भीती राहू दे. ती असताना पेपर सोडवायची सवय लावायची आहे, आणि तीन महिने त्याला पुरतात.

दुसरं म्हणजे घरचे ५६० खरे धरू नका. हे ऐकायला कडू लागेल. जुने पेपर तिने गेल्या वर्षी क्लासमध्ये एकदा सोडवलेत, त्यामुळे बरेच प्रश्न ओळखीचे. मधे चहा होतो. तुम्ही हाक मारली की घड्याळ थांबतं. दोन पर्यायांत अडलं की मागे उत्तर बघायचं आणि "हे मला येतच होतं" म्हणून बरोबरची खूण करायची. गोल भरलेले नसतात, वहीत नुसते पर्यायांचे आकडे लिहिलेले असतात. म्हणजे घर आणि क्लास यांच्यातल्या शंभरेक मार्कांच्या फरकात काही भाग भीतीचा आणि काही भाग घरच्या मापाचा. दोन्हींचं औषध वेगळं आहे, म्हणून ते आधी वेगळे करायचे.

ते कसं करायचं, हे एका पेपरवरून सांगतो. क्लासच्या टेस्टचा पेपर घेऊन एक मुलगा आला होता. मी मार्क बघत नाही, रफ वर्क बघतो. पहिल्या दोन पानांवर बारीक, नेटकं अक्षर, प्रत्येक गणित कडेला चौकोनात. तिसऱ्या पानावर भिंगाचं गणित. सूत्र बरोबर, किमती बरोबर घातलेल्या, चिन्हाशी येऊन अडलेला. तीच ओळ खाली पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली, तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता. पुढची दोन पानं कोरी. एक आकडासुद्धा नाही. आणि त्याच्या पुढच्या पानावर परत तेच नेटकं अक्षर, उत्तरंही बरोबर. त्या दोन पानांवर बारा प्रश्न होते, म्हणजे ४८ मार्क. माझ्यासमोर बसून त्यातले आठ त्याने आरामात सोडवले. भिंगाचं गणितही सोडवलं. भीती पेपरभर पसरलेली नव्हती, दोन पानांत होती, आणि ती कशाने सुरू झाली तेही कागदावर दिसत होतं.

मुलीच्या शेवटच्या चार-पाच टेस्ट घ्या आणि चुकलेला, सुटलेला प्रत्येक प्रश्न तिलाच वर्गवार लावू द्या. मुळात न आलेला. येत असून वाचताना घसरलेला. 'अयोग्य विधान ओळखा' असताना योग्य विधान निवडलं, हा ठरलेला प्रकार. भीतीने कोरा सोडलेला. आणि उत्तरपत्रिकेवर गोल भरताना एक ओळ सरकलेला. पहिला गट अभ्यासाचा, उरलेले तिन्ही हॉलचे. नीट घेणारी एनटीए ही संस्था निकालाआधी प्रत्येकाच्या ओएमआरची, म्हणजे गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन केलेली प्रत वेबसाइटवर दाखवते. गेल्या वर्षीची उतरवून ठेवली असेल तर तीही काढा. मुलींना वाटत असतं की आपलं सगळंच गेलं. हा हिशेब मांडला की साधारण कळतं की अमुक इतके मार्क हॉलमध्ये सांडतात. सांडणारे मार्क परत मिळवणं हे नवा धडा शिकण्यापेक्षा पुष्कळदा सोपं असतं.

आता हात गार का पडतात, डोकं का चालत नाही. लीबर्ट आणि मॉरिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली परीक्षेच्या भीतीचे दोन भाग पाडले. एक शरीराचा : धडधड, घाम, पोटात कालवाकालव. दुसरा काळजीचा : 'मला नाही जमणार', 'पप्पांना काय सांगू', 'शेजारची केवढी पटापट गोल भरतेय'. मार्क खातो तो मुख्यतः दुसरा भाग. गणित करताना आकडे, सूत्र, मधली पायरी हे सगळं काही क्षण डोक्यात एकदम धरून ठेवावं लागतं आणि ती जागा फार लहान असते. वनरूम किचनमधल्या ओट्यासारखी. तिथे काळजीने आपली भांडी मांडली की भाकरी थापायला जागाच उरत नाही. पीठ आहे, हात आहे, येतंही आहे, पण जागा नाही. म्हणूनच पेपर देऊन बाहेर आल्यावर रिक्षात बसता बसता उत्तर आठवतं.

शरीराच्या भागाशी भांडत बसायचं नाही. धडधड होणारच; थोडी झालेली चांगली, त्याशिवाय माणूस तीन तास जागरूक राहत नाही. मुलं इथे एक गोष्ट उलटी करतात. कोणीतरी सांगितलेलं असतं, "दीर्घ श्वास घे", म्हणून घाबरल्यावर मोठमोठे श्वास भराभर घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या, चक्कर, छाती आवळल्यासारखं वाटणं हे सगळं वाढतं. मग मुलीला वाटतं, आता आपल्याला काहीतरी व्हायलंय. श्वास घ्यायचा साधाच, नाकाने, चार मोजून. सोडायचा मात्र हळू, सहा-सात मोजून. आठ-दहा वेळा, बस. हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही. रोज रात्री झोपताना आणि दर टेस्टच्या आधी केलेलं असलं तरच हॉलमध्ये ते आपोआप होतं.

आता तालमीचं. हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त मार्क इथेच आहेत आणि क्लासवाले इथेच कमी पडतात. नीट दुपारी २ ते ५ असते, १८० प्रश्न, १८० मिनिटं, आणि गेल्या काही वर्षांत मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली आहे. क्लासच्या टेस्ट बहुतेक सकाळी आठला, कूलरसमोर. सोलापूरचं मे मधलं दुपारचं दोन कसं असतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. पारा बेचाळिसाच्या पुढे, जेवण नुकतंच झालेलं, दीडला फाटक बंद होतं म्हणून अकरा-साडेअकरापासून बाहेर उन्हात उभं राहिलेलं, तपासणी झालेली, मनगटावर घड्याळ नाही, आजूबाजूला एकही ओळखीचा चेहरा नाही. हे सगळं तिच्या अंगावर एकदम त्याच दिवशी येतं. घाबरणार नाही तर काय करणार?

म्हणून आतापासून आठवड्यातून एक पेपर दुपारी दोनला. घरी नाही. वाचनालयात, मामाच्या घरी, शाळेचा वर्ग मिळाला तर उत्तमच. न पाहिलेला पेपर, छापलेली ओएमआर शीट, काळं बॉलपेन. सेंटरवर पेन तेच देतात आणि ते कधीकधी खडबडीत चालतं, तेव्हा लाडकं पेन नको. मनगटी घड्याळ नाही, भिंतीवरचं बघायचं. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस, पायात चप्पल. एप्रिल लागला की कूलर बंद. आणि घरात शांतता ठेवू नका. पेपर घरीच द्यावा लागला तर पाणी येण्याच्या दिवशी द्या. मोटार, बादल्या, शेजारणीची हाक, सगळं होऊ दे. विडी घरकुलाकडची, यंत्रमागाच्या खटखटीत वाढलेली मुलं माझ्याकडे येतात. पंख्याच्या कुरकुरीने लक्ष गेलं अशी तक्रार त्यांच्यापैकी कोणी केलेली मला आठवत नाही. ती तक्रार बंद खोलीत एसी लावून अभ्यास करणाऱ्यांची.

पहिले दोन-तीन पेपर वाईट जातील. ४००च्या आतही येतील. तेव्हा घरातल्या कोणीही तोंड वाकडं करायचं नाही. त्या पेपरांचा उद्देश मार्क नाही.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल थोडं. एनसीईआरटीचं बायोलॉजीचं पुस्तक चार रंगांच्या हायलायटरने रंगवलेलं असेल, तर मला काळजी वाटते. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळख वाढते आणि मुलं ओळखीलाच आठवण समजतात. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून तपासायचं. कंटाळवाणं आहे, पण २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की अशा आठवून केलेल्या अभ्यासावर ताणाचा परिणाम फारसा झाला नाही, आणि नुसतं वाचून केलेला अभ्यास ताणाखाली ढासळला. नेमकं आपल्याला हवं ते.

प्रत्यक्ष पेपरात तुमच्या मुलीने फिजिक्सपासून सुरुवात करायची नाही. बायोलॉजीचे ९० प्रश्न आधी; पहिल्या दहा मिनिटांत वीस-पंचवीस गोल भरले गेले की शरीर आपोआप खाली बसतं. गोल शेवटी एकदम भरायला ठेवायचे नाहीत, पान झालं की त्या पानाचे गोल. आणि डोकं बंद पडलंच तर काय करायचं, हे आधी ठरलेलं हवं. पेन खाली ठेवायचं, पाण्याचा एक घोट, सहा संथ श्वास, अडलेला प्रश्न सोडून दोन पानं पुढे, तिथला सगळ्यात सोपा दिसणारा प्रश्न. परत मागे लगेच नाही. ही पायरी तालमीच्या पेपरात एकदा मुद्दाम करून बघायची, अडलेली नसली तरी.

घाबरणारी मुलं निगेटिव्ह मार्किंगपायी जरा जास्तच प्रश्न सोडून देतात, तेव्हा हिशेब एकदा मांडूच. बरोबरला चार, चुकीला उणे एक. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील आणि उरलेल्या दोनांत अडलं असेल, तर असे दहा प्रश्न ठोकले की सरासरीने पाच बरोबर येतात. वीस मिळाले, पाच गेले, पंधरा हातात. सोडून दिले तर शून्य. काहीच कळत नसेल तर सोडा, पण निम्मं कळतंय तिथे सोडणं म्हणजे भीतीला मार्क देणं.

शिवाय पेपर अवघड निघाला तर तो सगळ्यांनाच अवघड असतो, हे हॉलमध्ये सुचत नाही म्हणून आधी पक्कं करून ठेवावं. २०२४ मध्ये ७२०पैकी ७२० घेणारी मुलं होती. २०२५ मध्ये फिजिक्स इतकं कठीण होतं की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. तिचा पहिला प्रश्न सुटला नाही तेव्हा देशभर लाखो पोरं तशीच पेन चावत बसली होती.

आता घर. "सिव्हिलला (म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजला) नंबर लागायला पाहिजे बरं का" हे वाक्य प्रत्येक पाहुणा बोलतो, आणि पोरगी हसून "हो" म्हणते. पाहुण्यांना आवरता येत नाही, पण तुम्ही दोघं एक करू शकता. नंबर लागला नाही तर काय, हे आत्ताच बसून कागदावर लिहा. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), बीडीएस (दातांचं) हे सगळे प्रवेश याच गुणांवर होतात. सोलापुरातच शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे. किंवा बीएस्सी, ज्याला तुम्ही 'घालणं' म्हणताय. त्यातून संशोधनाकडे, अध्यापनाकडे गेलेली माणसं काही वाया गेलेली नाहीत. आईबापांना भीती वाटते की दुसरी वाट दाखवली तर पोर ढिली पडेल. मला उलटं दिसतं. मागे दरी आहे असं वाटणारं मूल पुढे बघत नाही. आणि वडिलांनी तिला समजावायची गरज नाही, फक्त ते ऑपरेशनचं वाक्य बंद करावं.

तुम्ही स्वतः पहाटे चारला तिच्याबरोबर उठून चहा करून देत असाल, तर तेही बंद करा. पेपर दुपारी आहे, तेव्हा तिचं डोकं दुपारी तल्लख हवं. दिवसा पाठ केलेलं झोपेत पक्कं होतं. सात तास झोप हा अभ्यासाचाच भाग. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप मोडली तर घाबरू नये. आधीचा आठवडा नीट गेला असेल तर एका रात्रीने फार बिघडत नाही. त्या दिवशी सकाळी दहा मिनिटं बसून मनात येईल ती भीती कागदावर उतरवायची आणि कागद फाडून टाकायचा. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांना याचा चांगला उपयोग दिसला होता. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तितका दिसला नाही, पण नुकसान काही नाही. जेवण दहीभात किंवा रोजचंच. शेंगाचटणी, कडक भाकरी संध्याकाळी.

नणंदेची गोळी. नाव लिहिलेलं नाही, पण बहुधा अल्प्राझोलम, म्हणजे मन शांत करायची गोळी, असेल. घरोघरी कुणाच्या ना कुणाच्या डब्यात ती असतेच. परीक्षेसाठी ती अजिबात नको. झोप आणते, आठवण मंद करते आणि सवय लागते. प्रोप्रॅनोलॉल नावाच्या दुसऱ्या गोळीने धडधड आणि हातांची थरथर कमी होते, काही निवडक मुलांना मी देतोही, पण दमा असेल तर ती धोकादायक, रक्तदाब कमी असेल तर चक्कर येते, आणि काळजीच्या विचारांवर तिचा फारसा परिणाम नाही. द्यायचीच झाली तर आधी तालमीच्या पेपरला देऊन बघतात, थेट परीक्षेला नाही. काळजीचा आजारच असेल तर त्याची रोजची औषधं वेगळी, त्यांना गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून एप्रिलअखेर धावत येऊन उपयोग नसतो. स्मरणशक्तीची चूर्णं आणि सिरप यांवर पैसे घालू नका.

लातूरला या टप्प्यावर हलवू नका. तिथे शिकवतात चांगलं, प्रश्न तो नाही. नवी खोली, नवी मेस, नवे रँक, आणि रविवारची टेस्ट तीच. घरी जेवणारं, घरी झोपणारं मूल तीन महिन्यांसाठी उपटण्यात मला शहाणपण दिसत नाही.

शेवटी, तपासणीची गरज केव्हा. पहाटे चारची जाग दोन आठवड्यांहून जास्त चालली असेल, जेवण सुटलं असेल, वजन उतरलं असेल, मैत्रिणींशी बोलणं थांबलं असेल, एकच गोल दहादा तपासत बसत असेल, तर ही नुसती परीक्षेची भीती नाही. "मी तुमच्यावर ओझं झालेय", "मी नसते तर बरं" असं काही बोलली किंवा हातावर ओरखडे दिसले, तर मुहूर्त बघू नका, त्याच दिवशी दाखवा. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-अपरात्री १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तुम्ही लिहिलंय त्यावरून एकदा दाखवलेलं बरं. येण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घ्या; जुलाब, धडधड आणि मोडलेली झोप थायरॉइड वाढल्यानेही होते आणि ते परीक्षेच्या नावावर खपून जातं. टेस्टचे पेपर रफ वर्कसकट आणा. ती आता अठरा पूर्ण आहे, तेव्हा पहिली वीस मिनिटं मी तिच्याशी एकटीशी बोलेन, तुम्हाला आत नंतर बोलावतो.